वाऱ्याच्या वाटेवरची वेस

गव्हाचा एखादा वाण तांबेरा या बुरशीच्या रोगाला दाद देत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा ती ताकद दाण्यातच भरलेली आहे आणि पोते कुठेही नेले तरी ती सोबत जाईल, असे आपण धरून चालतो. मला या लेखात एवढेच उलगडून सांगायचे आहे की दाण्यात असते ती निम्मीच ताकद. उरलेली निम्मी, तो दाणा कोणत्या मुलखात पेरला आणि वाऱ्याच्या वाटेवर त्याच्या अलीकडे कोणता गहू उभा आहे, यावर ठरते.

त्यासाठी सुरुवात चेन्नईच्या जॉर्ज टाउनपासून करावी लागते. तिथे गव्हाचे एक रोपही उगवत नाही. एका अंगाला बंदर आणि राजाजी सालै, दुसऱ्या अंगाला मिंट स्ट्रीट आणि सौकारपेठ, मध्ये कोत्तवाल चावडीच्या आसपासची किराणा-धान्याची घाऊक दुकाने. भाताच्या मुलखातली ही पोळी खाणारी पेठ आहे. मारवाडी आहेत, गुजराती आहेत, आणि खानापूर, विटा, आटपाडीकडून येऊन सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी आपली गलाईवाली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या पोळीचा गहू उत्तरेकडून खाली येतो. त्या गव्हावरचे एक मोठे संकट मात्र उलट दिशेने, दक्षिणेकडून वर जाते, आणि ते जाण्याचे दिवस म्हणजे चेन्नईच्या वादळांचे दिवस.

ऑक्टोबर ते डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, बंदरावर इशाऱ्याची खूण चढते, जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत पाणी साचते. त्याच दिवसांत निफाडपासून विदर्भापर्यंत गव्हाची पेरणी चालू असते किंवा नुकतीच उरकलेली असते आणि शेतात कोवळी रोपे असतात. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संबंध दाखवून दिला. त्यांनी उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रे आणि तांबेऱ्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि त्यातून खोडावरच्या काळ्या तांबेऱ्यासाठी काही नियम मांडले. ते ‘इंडियन स्टेम रस्ट रूल्स’ या नावाने ओळखले जातात. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात, १० ते १५ अंश उत्तर अक्षांश आणि ६५ ते ८५ अंश पूर्व रेखांश या चौकटीत वादळ तयार व्हावे आणि मध्य भारतावर येऊन विरावे. दक्षिण-मध्य भारतावर, निलगिरीपासून फार दूर नाही अशा जागी, जास्त दाबाचे क्षेत्र टिकून राहावे. आणि पश्चिमी विक्षोभाच्या पुढे सरकण्याने तयार झालेली कमी दाबाची खोल द्रोणी थेट दक्षिण भारतापर्यंत उतरावी. हे जुळून आले तर निलगिरीच्या डोंगरांवरचे बुरशीचे बीजाणू उचलले जातात, वाऱ्याबरोबर उत्तरेकडे जातात आणि पावसाच्या थेंबांबरोबर मध्य भारतातल्या गव्हावर उतरतात. जॉर्ज टाउन साधारण १३ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व या ठिकाणी आहे, म्हणजे बरोबर त्या चौकटीत. निलगिरीपासून नागपूरपर्यंतचे अंतर हजार किलोमीटरहून जास्त भरते. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी या वाटेला गव्हाच्या तांबेऱ्याच्या बुरशीच्या शास्त्रीय नावावरून ‘पक्सिनिया पाथ’ असे नाव दिले.

आता पहिला प्रश्न. बीजाणू निलगिरीवरूनच का यावे लागतात? शेतात गेल्या वर्षी तांबेरा होता, तर तो तिथेच का राहत नाही?

कारण तांबेरा हा जिवंत झाडावरच जगणारा परोपजीवी आहे. मेलेल्या काडावर, मातीत, कोठारातल्या दाण्यावर तो तग धरत नाही. मार्चमध्ये गहू काढला की त्याचे अन्न संपते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात मैदानी मुलखात उरलेले बीजाणू मरतात. नाशिकच्या शेतातला तांबेरा नाशिकमध्ये उन्हाळा काढू शकत नाही. दरवर्षी तो बाहेरून यावा लागतो.

हे आज सोपे वाटते, पण ते सिद्ध करायला एका माणसाचे आयुष्य लागले. त्याच्या कितीतरी आधी, नर्मदेच्या खोऱ्यात कारभार केलेल्या विल्यम स्लीमन याने १८४४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात गव्हावरच्या अशा रोगाचे वर्णन केले आहे. पीक हातचे गेल्यावर लोक त्याचा दोष माणसांच्या पापाला देत, हेही त्याने नोंदवले आहे. पुढे युरोप-अमेरिकेत कळले की काळ्या तांबेऱ्याच्या जीवनचक्रात बारबेरी या झुडपाचा मोठा वाटा आहे. तेव्हा अमेरिकेने १९१८ पासून ती झुडपे उपटून काढण्याची मोहीमच चालवली. भारतातही तसेच असेल असा समज होता. आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी तो खोटा ठरवला. त्यांनी सिमल्याच्या फ्लॉवरडेल इथे केंद्र उभे केले, देशभर अनेक ठिकाणी हवेतले बीजाणू पकडण्यासाठी काचपट्ट्या लावल्या, वर्षानुवर्षे नमुने गोळा केले, आणि दाखवून दिले की इथे बारबेरीचा काही हात नाही. तांबेरा उन्हाळा काढतो तो थंड डोंगरांत, जिथे उन्हाळी गहू किंवा आपोआप उगवलेली गव्हाची रोपे असतात: उत्तरेत हिमालयात, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. त्यांच्या प्रबंधाचा पहिला भाग १९४० साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. तो दुसरा भाग पाहायला ते हयात नव्हते.

मेहतांनी यावर उपायही सुचवला होता. डोंगरावर वर्षातून दोनदा गहू होतो, त्यातला बिगरहंगामी गहू काही वर्षे पेरू नये, म्हणजे तांबेऱ्याची साखळी तुटेल. तर्काने हे बिनचूक होते. पण डोंगरावरच्या शेतकऱ्याने आपले पोटाचे पीक सोडायचे आणि त्याचा लाभ हजार किलोमीटरवरच्या, त्याने कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याला व्हायचा, हे कोण कसे घडवणार? मला वाटते, प्रतिकारक वाणांच्या पैदाशीची खरी गरज इथेच दिसते. पेरू नका असे सांगता येत नसेल, तर जे पेरले जाते तेच असे असावे की त्यावर तांबेऱ्याला थारा मिळणार नाही. म्हणजे प्रतिकारक वाणाचे पहिले काम आपल्याच शेतात नाही, वाटेच्या तोंडाशी आहे.

दुसरा प्रश्न असा की प्रतिकारक वाण म्हणजे नेमके काय. १९०५ साली केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी दाखवले की गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याची क्षमता मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरते. याचा अर्थ ती संकराने एका वाणातून दुसऱ्यात नेता येते. त्याच्या मागची रचना पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना उकलली. झाडात एक जनुक असते, बुरशीत त्याच्या जोडीचे एक जनुक असते. बुरशी झाडाच्या पेशीत जी प्रथिने सोडते, त्यातले एखादे झाडाच्या जनुकाने बनवलेला पहारेकरी ओळखतो. ओळख पटताच ती पेशी स्वतःच मरते. बुरशीला जिवंत पेशी लागते, त्यामुळे तिची त्या ठिकाणी उपासमार होते. पानावर एक बारीक फिकट ठिपका उरतो आणि रोग तिथेच थांबतो.

हे चोख आहे, पण यातच त्याचे दुबळेपणही आहे. बुरशीला झाडाशी लढायची गरज नसते, फक्त ओळख पटू नये एवढेच तिला साधायचे असते. ते एक प्रथिन बदलले किंवा गळले की पहारेकऱ्यासमोरून ती सरळ आत जाते. तांबेऱ्याच्या एका फोडातून दिवसाला हजारोंनी बीजाणू निघतात, आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. इतक्या बीजाणूंत एखादा बदललेला निघणे ही केवळ वेळेची बाब आहे. तो निघाला की ज्या शेतात बाकी सगळे बीजाणू मरत होते तिथे तो एकटाच वाढतो. प्रतिकारक वाण जितका जास्त क्षेत्रावर, तितका त्या एका बीजाणूला मोठा मुलूख मोकळा.

आपल्याकडे हे वारंवार घडले आहे. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली आणि सुमारे २० लाख टन गहू गेला. महायुद्ध नुकतेच संपले होते, रेशनवर धान्य मिळत होते, तेव्हाची ही हानी आहे. त्यानंतरच्या काळात तेव्हाच्या मुंबई इलाख्यात केनियातले प्रतिकारक गहू आणि निफाडचा स्थानिक वाण यांचा संकर करून ‘केनफाड’ या नावाचे वाण तयार झाले. दिल्लीत बी. पी. पाल यांनी सुमारे २० वर्षे चिकाटीने काम करून १९५४ साली एनपी ८०९ हा काळा, पिवळा आणि पानावरचा अशा तिन्ही तांबेऱ्यांना दाद न देणारा वाण दिला. नंतर हरितक्रांतीचा कल्याणसोना आला, देशभर पसरला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पानावरच्या तांबेऱ्याने त्याला गाठले. त्यानंतर पंजाब-हरियाणात पीबीडब्ल्यू ३४३ ने लाखो हेक्टर व्यापले, आणि २००१ च्या सुमारास पिवळ्या तांबेऱ्याचा त्याला भेदणारा वंश दिसला. पैदासकारांनी काही चुकीचे केले म्हणून हे झाले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी चांगला वाण दिला, तो चांगला होता म्हणूनच सगळ्यांनी पेरला, आणि सगळ्यांनी पेरला म्हणून तो पडला.

याच जागी मूळ मुद्दा उघडतो. निलगिरीवर तांबेरा बारा महिने जगतो. तिथे त्याच्या पिढ्यांवर पिढ्या होतात, आणि नवे वंश निवडले जाण्याची ती जागा आहे. मैदानात तो काही महिन्यांचा पाहुणा असतो, उन्हाळ्यात तिथला सगळा मरून जातो, आणि मैदानात एखादा नवा वंश निपजला तरी तो बहुधा तिथेच संपतो. आता समजा, निलगिरीवर आणि मध्य भारतात आपण एकाच प्रतिकारक जनुकाचा गहू पेरला. डोंगरावर बुरशी वर्षभर त्या जनुकाशी झुंजेल, एक दिवस त्याला भेदेल, आणि नोव्हेंबरच्या वादळाबरोबर खाली येईल तेव्हा मैदानातला गहूही तिच्यासाठी भेदलेलाच असेल. गावाच्या वेशीला आणि घराच्या दाराला एकच किल्ली चालत असेल, तर वेशीवर चोराने कमावलेली किल्ली त्याला घरातही नेते. उलट डोंगरावर एका गटातली जनुके आणि मैदानात दुसऱ्या गटातली जनुके ठेवली, तर वेस भेदून आलेला वंश दाराशी पुन्हा अडखळतो. त्याला दार भेदायला शिकायला वेळच मिळत नाही, कारण मार्च येतो. जनुक तेच, दाणा तोच. कुठे ठेवला यावर त्याची किंमत बदलते.

जागेचा परिणाम आणखी एका रीतीने होतो, आणि त्यासाठी मला खपलीकडे वळले पाहिजे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या भागात आपण जो खपली गहू खातो, पुरणपोळीला आणि खिरीला जो अनेक घरांत आवर्जून आणला जातो, त्याची तांबेऱ्याच्या विज्ञानात मोठी जागा आहे. अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी दाखवले की तांबेऱ्याचे अनेक वंश असतात. ते वंश ओळखण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला. नमुन्यातला तांबेरा या बारांवर टाकायचा, कोणावर फोड येतात आणि कोणावर येत नाहीत ते पाहायचे, आणि त्यावरून वंश ठरवायचा. या बारांतला एक खपली होता. बहुतेक वंश त्यावर हात टेकत.

सिडनीच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी ठरवले की ही ताकद पोळी-पावाच्या गव्हात आणायची. हे सोपे नव्हते. खपलीत २८ गुणसूत्रे असतात, साध्या गव्हात ४२. संकर झाला तरी पुढची पिढी बहुतांशी वांझ निघते. त्यातून जे मोजके दाणे हाती लागतात त्यांना जपत पुढे जावे लागते. वॉटरहाउसांनी खपलीचा स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाशी संकर करून खॅप्स्टाइन हा वाण उभा केला. खपलीतून गव्हाच्या जनुकांच्या यादीत गेलेली काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुके आज एसआर ७ए, एसआर १३ आणि एसआर १४ या नावांनी ओळखली जातात. भुरी रोगाविरुद्धचे पीएम ४ए हेही खपलीचेच. कृष्णाकाठच्या ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हा गहू जपला, त्यांची नावे या यादीत कुठेही नाहीत. ती कधी लिहिलीच गेली नाहीत. पण जगातल्या गव्हाच्या संरक्षणात त्यांचा वाटा आहे, आणि तो आपण तरी उच्चारला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

१९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा वंश आढळला. पुढच्या वर्षी त्याला ‘यूजी ९९’ हे नाव मिळाले. जगभर अनेक गव्हांना ज्या एसआर ३१ या जनुकाने दशकानुदशके राखले होते, ते त्याने निकामी केले. पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही तेच जनुक होते. शास्त्रज्ञांनी जुनी जनुके पुन्हा तपासायला घेतली, तेव्हा एसआर १३ या वंशापुढे टिकणाऱ्यांत निघाले. २०१७ साली ते जनुक वेगळे काढून त्याची रचना वाचण्यात आली. त्या अभ्यासात स्पष्ट झालेली एक गोष्ट माझ्या विषयाला थेट भिडते: एसआर १३ थंड हवेपेक्षा उबदार हवेत जास्त प्रभावी ठरते. म्हणजे ते दख्खनच्या हवेत जेवढे राखील तेवढे निलगिरीतल्या कुन्नूरच्या थंडीत राखणार नाही. उलट एसआर ६ नावाचे दुसरे जनुक थंड हवेत काम करते आणि तापमान चढले की शिथिल पडते. दाण्यातली ताकद दाण्यात निम्मीच असते, असे मी सुरुवातीला म्हटले ते याही अर्थाने. कोणते जनुक डोंगरावर आणि कोणते मैदानात, हा निर्णय हवामान बाजूला ठेवून घेताच येत नाही.

हे सगळे वाचून असे वाटेल की प्रतिकारकतेचा खेळ कायम हरण्याचाच आहे. तसे नाही. काही जनुके वेगळ्या तऱ्हेने वागतात. ती बुरशीला ओळखून पेशी मारत नाहीत, फक्त तिची वाढ मंद करतात. फोड येतात, पण कमी येतात, उशिरा येतात, लहान राहतात. अमेरिकेत दक्षिण डाकोटाच्या एडगर मॅकफॅडन यांनी यारोस्लाव नावाच्या एमर गव्हातून, म्हणजे आपल्या खपलीच्याच भाऊबंदातून, असे एक जनुक साध्या गव्हात आणले. एसआर २ हे ते जनुक. शंभर वर्षे होत आली तरी ते जगभर काम देत आहे. पानावरच्या तांबेऱ्यासाठी एलआर ३४ हे तसेच. शेतकऱ्याला असा वाण पाहून शंका येते, कारण त्यावर थोडा तांबेरा दिसतो. पण थोडा तांबेरा सोसून दाणा भरणाऱ्या वाणाने एकही डाग न दाखवणाऱ्या वाणापेक्षा जास्त वर्षे सोबत करण्याचा संभव असतो. पैदासकार आता अशी मंद करणारी जनुके पायाला घेतात आणि त्यावर दोन-तीन ओळखणारी जनुके चढवतात, म्हणजे बुरशीला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतील.

हे काम कुठे चालते, ते पाहिले की वाटेची कल्पना नकाशावर उमटते. वाटेच्या तोंडाशी कुन्नूरजवळ वेलिंग्टनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंचावर. तिथे तांबेरा आयता हजर असल्यामुळे वाणाची परीक्षा घ्यायला वेगळी तयारी लागत नाही, आणि देशभरातल्या पैदासकारांना उन्हाळ्यात गव्हाची एक जादा पिढी तिथे घेता येते. एचडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणारे वाण या केंद्राचे. त्यातला एचडब्ल्यू १०९८ म्हणजे ‘निलगिरी खपली’ हा बुटका खपली, तांबेऱ्याला दाद न देणारा आणि उंच जुन्या खपलीसारखा न लोळणारा. तो महाराष्ट्र-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांसाठीही आहे, म्हणजे आपलाच गहू डोंगरावरून आपल्याकडे परत आला आहे.

मधल्या टप्प्यावर महाबळेश्वर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र तिथे आहे. महाबळेश्वरला जाणारे आपण स्ट्रॉबेरी आणि पॉइंट पाहून येतो. पण त्या थंड, दमट हवेत मुद्दाम तांबेरा टाकून गव्हाच्या ओळी तपासल्या जातात, आणि कोणता वाण रोपावस्थेत पडतो, कोणता ओंबी येईपर्यंत टिकतो, याची नोंद होते. मैदानात निफाडजवळच्या कुंदेवाडीचे केंद्र, ज्याने त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी, नेत्रावती हे वाण दिले. आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था. ती १९४६ साली ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ म्हणून सुरू झाली आणि पुढे संस्थापक संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव तिला मिळाले. एमएसीएस ६२२२ हा सरबती आणि एमएसीएस २९७१ हा बुटका खपली तिचेच. या सगळ्यांच्या वर, वाटेपासून दूर, सिमल्याचे मेहतांचे केंद्र. देशभरातून तांबेरा आलेली पाने तिथे जातात आणि कोणता वंश कुठे दिसला याची नोंद होते. वाटेवर ठिकठिकाणी सहज बळी पडणाऱ्या आणि ज्ञात जनुके असलेल्या वाणांच्या ओळीही पेरल्या जातात. तांबेरा किती आला आणि कोणता आला, हे त्या आधी सांगतात.

आता एक बाब, जिच्याबद्दल बाजारात फारसे बोलले जात नाही. महाराष्ट्रात आणि गुजरातेत अनेक शेतकरी आजही लोकवन पेरतात. तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने दिलेला लोक-१. लवकर येतो, दाणा देखणा, पोळी चांगली, भाव बरा. पण तांबेऱ्यापुढे तो कमजोर आहे. तरीही गेली कित्येक वर्षे तो सर्रास पेरला जातो आणि १९४६-४७ सारखे काही घडत नाही. काही अंशी तो लवकर पिकून सुटतो हे खरे. पण माझे मत असे की त्याचे मोठे रक्षण त्याच्या बाहेर आहे: वाटेच्या तोंडाशी तांबेऱ्याला खायला पूर्वीइतके मिळत नाही, आणि वाटेवरच्या अनेक शेतांत वेगवेगळ्या जनुकांचे वाण उभे आहेत. लोकवनचे शेत वाचते ते शेजाऱ्याच्या त्र्यंबकामुळे आणि एमएसीएसमुळे, आणि निलगिरीवरच्या एचडब्ल्यूमुळे. शेजाऱ्यांनीही लोकवनच पेरला तर हे संरक्षण संपेल.

म्हणून शेतकऱ्यांना तीन विनंत्या. एका शिवारात एकच वाण सगळ्यांनी पेरू नये. दोन-तीन वाण असावेत, आणि त्यात शिफारस केलेला, तांबेऱ्याला दाद न देणारा एखादा तरी असावा. पेरणी उशिरा ढकलू नये, कारण उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा भरण्याचा काळ काळ्या तांबेऱ्याला मानवणाऱ्या उबेत येतो. खोडावर किंवा पानावर विटकरी भुकटीचे फोड दिसले, बोटाला रंग लागला, तर फवारणीची घाई करण्याआधी चार पाने तोडून कागदी पाकिटात घालावीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत, घाम धरून ती कुजतात. पाकिटावर गाव, वाण आणि तारीख लिहून ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावे. एखाद्या नव्या वंशाची पहिली खबर अशा पाकिटातून लागू शकते.

आणि एक विनंती ज्यांच्या हाती खर्चाचे निर्णय आहेत त्यांना. तांबेऱ्याचे काम करणाऱ्या केंद्रांचे यश कोणाला दिसत नाही, कारण ते यश म्हणजे न आलेली साथ. बरीच वर्षे साथ आली नाही की विचारले जाते, या केंद्रांची आता गरज काय? ज्या वर्षी शेतात तांबेरा दिसत नाही, त्या वर्षीही वेलिंग्टनला आणि महाबळेश्वरला गव्हाच्या ओळी पेरल्या गेल्या पाहिजेत, तिथली माणसे त्यांच्या जागी असली पाहिजेत आणि सिमल्याला पाकिटे पोचली पाहिजेत. निलगिरीवर तांबेरा त्या वर्षीही जिवंत असतो.